खिळ्यावर नसलेली मेरी

१

फ्राऊ लिंडनरच्या भिंतीवर खिळा होता आणि खिळ्यावर मेरी नव्हती.

मी नुकतीच शाळेतून आले होते. खालच्या मजल्यावरून ‘नाइन’, म्हणजे ‘नाही’, असा एकच शब्द आला, तोही हळू. फ्राऊ लिंडनर कधीच हळू बोलत नाहीत. कोळसेवाल्याशीही नाही, देवाशीही नाही. म्हणून मी दप्तर जिन्यात टाकून धावले. त्या खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. डोक्यावर काळी हॅट, हातात प्रवासाची बॅग. भिंतीचा कागद सगळीकडे पिवळट झालेला आणि खिळ्याखाली मोठ्या वहीएवढा चौकोन मात्र स्वच्छ.

ही मेरी म्हणजे एक पान. पाचशे वर्षांपूर्वी कुणा बाईने घरी बसून प्रार्थना करता यावी म्हणून एक पोथी लिहून घेतली असणार, त्यातलं. अशा पोथीला इथे श्टुंडेनबुख म्हणतात. दिवसाच्या प्रत्येक प्रहराची प्रार्थना वेगळी, आणि ती आपली आपण म्हणायची, पाद्री नको, घंटा नको. पानावर निळ्या झग्यातली मेरी, मांडीवर बाळ, कडेने सोन्याची वेल आणि वेलीत लालचुटुक स्ट्रॉबेरी. एका कोपऱ्यात गोगलगायसुद्धा होती. ती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाळाचं पाऊल तेवढं पुसट झालेलं. काचेत बसवण्याआधी कितीतरी बायकांनी त्या पावलाचा मुका घेतला होता म्हणून.

युद्धानंतर सायलेशिया पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मनांना बाहेर काढलं तेव्हा फ्राऊ लिंडनरनी हे पान कोटाच्या अस्तरात शिवून आणलं होतं. घर, गाई, नवऱ्याची कबर, सगळं तिकडे राहिलं. हे एवढं आलं.

“शुबा,” त्या म्हणाल्या. माझ्या नावातला ‘भ’ त्यांना कधी जमला नाही. “मी आता प्रार्थना कुठे बघून करू?”

मी पंधरा वर्षांची होते, वर्गात नुकतंच अख्ख्या तासाचं भाषण न अडखळता जर्मनमध्ये दिलं होतं, आणि मला वाटायचं की मला काहीही जमेल. मी त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, मी शोधते.

२

हायडेलबर्गला नेकर नदीच्या काठी फ्राऊ लिंडनरचं घर होतं. तळाला त्या. मधल्या मजल्यावर आम्ही: विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करणारे बाबा, म्हणजे श्यामकांत, आई, म्हणजे सुरेखा, आणि मी. पोटमाळ्यावर भास्करदादा, फिजिक्समध्ये डॉक्टरेट करत होता. शिवाय त्या हिवाळ्यात कुसुमआत्या आमच्याकडे होती. ती बाबांची मोठी बहीण. तिचा मुलगा श्रीनाथ कार्ल्सरूहेला इंजिनिअर. त्याची बायको वीणा हिचे दिवस भरत आले होते म्हणून आत्या बोटीने पुण्याहून आली होती. पण श्रीनाथची खोली काडेपेटीएवढी, त्यामुळे बोलावणं येईपर्यंत मुक्काम आमच्याकडे.

आत्याला जर्मन येत नव्हतं आणि फ्राऊ लिंडनरना मराठी. तरी दोघी रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत आपापल्या भाषेत सासरच्या तक्रारी करायच्या. रविवारी आत्या त्यांच्याबरोबर चर्चमध्येही जायची, चपला बाहेर काढायची, आणि फ्राऊ लिंडनर त्या हातात घेऊन तिच्या मागे जायच्या.

त्या आठवड्यात झालं असं. बँबर्गला फ्राऊ लिंडनरचे मोठे दीर वारले. शनिवारी त्या तिकडे गेल्या. जाताना त्यांनी खोलीची एक किल्ली आत्याला दिली, खिडकीतल्या सायक्लामेनच्या कुंडीला पाणी घालायला. दुसरी भास्करदादाला, थंडीत नळ गोठले तर हवी म्हणून. तिसरी आधीपासून त्यांच्या भाच्याकडे, मानहाइमच्या हेर, म्हणजे श्रीयुत, रुडॉल्फकडे होती. त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि मेरी विकून टाक मावशी, असं तो दर नाताळला सांगायचा. सोमवारी आम्ही तिघं एर्लांगेनला गेलो, तिथे बाबांचं काम होतं. बुधवारी सकाळी श्रीनाथचा फोन आला, वीणाला इस्पितळात नेलंय. दुपारच्या गाडीने आत्या कार्ल्सरूहेला गेली, भास्करदादाने तिला बसवून दिलं. संध्याकाळी मुलगी झाली. शुक्रवारी आम्ही परत आलो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत फ्राऊ लिंडनरची सायक्लामेन बघून आई म्हणाली, बघा, एवढ्या गडबडीतही वन्संनी कुंडी वर आणून ठेवली.

आणि शनिवारी मेरी गायब.

फ्राऊ लिंडनरनी भाच्याला फोन केला. तासाभरात तो हजर. मऊ आवाजाचा, गुळगुळीत माणूस. त्या दिवशी त्याच्या कोटाच्या कॉलरवर कागदाची रंगीत टिकली चिकटलेली होती. कार्निव्हलचे दिवस होते, तेव्हा अर्ध्या शहराच्या अंगावर असल्या टिकल्या होत्या.

“मी गुरुवारी येऊन गेलो, मावशी, तुला कबूल केलं होतं तसा,” तो म्हणाला. “पान खिळ्यावर होतं. फुलझाडाला पाणीसुद्धा घातलं. गुरुवारनंतर या घरात किल्ली कोणाकडे होती?”

सगळ्यांनी भास्करदादाकडे बघितलं.

३

भास्करदादा आत्याच्या सासरचा. चुलत दिरांचा मुलगा, आडनावही तेच, तिला काकू म्हणायचा. स्वभावाने असा की हरवलेल्या पेन्सिलीचीही माफी मागेल. पान वासराच्या कातड्यावर लिहिलेलं आहे हे मला त्यानेच सांगितलं होतं आणि लगेच बजावलं होतं, काकूंच्या कानावर हे गेलं तर तुझी खैर नाही.

आता तो फ्राऊ लिंडनरच्या टेबलापाशी उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. रुडॉल्फ समोरच्या घरातल्या बाईंना जाऊन भेटून आला होता. त्यांनी पडद्याआडून पाहिलं होतं: बुधवारी हा विद्यार्थी कापडात गुंडाळलेली चपटी, चौकोनी वस्तू बगलेत मारून घराबाहेर पडला.

“तो पाट होता,” भास्करदादा म्हणाला.

पाट म्हणजे काय, रुडॉल्फने विचारलं. भास्करदादाने सांगितलं, बसायची फळी. बसायला खुर्ची असताना फळी कशाला? बाळाला न्हाऊ घालणारी बाई बसते त्यावर, काकूंनी पुण्याहून आणलाय. पाच हजार मैलांवरून फळी? हो. रुडॉल्फ हसलासुद्धा नाही, आणि तेच वाईट होतं. तो म्हणाला की सोमवारी सकाळपर्यंत पान आलं नाही तर तो पोलिसांत जाईल.

ते ऐकून बाबांनी चष्मा काढला. भास्करदादाच्या राहण्याच्या परवानगीची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. परकीयांच्या कचेरीत पोलिसांचा कागद पोचला की प्रबंध अर्धवट टाकून त्याला परत जावं लागलं असतं, आणि घरी कुणी विचारलं असतं, काय रे, का आलास?

फ्राऊ लिंडनर त्याला एवढंच म्हणाल्या, “हेर भास्कर, माझी किल्ली.”

त्याने ती खिशातून काढली, टेबलावर ठेवली, आणि पोटमाळ्यावर निघून गेला.

मी मागोमाग गेले. तो खाटेवर बसला होता.

“तू घेतलंस का?” मी विचारलं. गुप्तहेराला विचारावंच लागतं.

“शुभे, मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. नळ गोठलेच नाहीत.”

मग बुधवारचं सगळं सांग, मी म्हटलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. फोन आला तेव्हा तो झोपला होता. काकूंनीच घेतला, श्रीनाथचा होता म्हणून मराठीतून. मग काकू आंघोळ करून, नवं लुगडं नेसून, कुठेतरी तासभर गेल्या. फेरी मारायला असेल. परत आल्या त्या खुशीत. दाराबाहेर त्याच्या हातात देऊन कुंडी वर नेववली, पाट बांधून घेतला. स्टेशनवर म्हणाल्या, लिंडनरबाईंच्या घरचं सगळं नीट करून आलेय, आता मला घोर नाही.

“आत्या एकटी फेरी मारायला गेली? बर्फात?”

“आनंद झाला असेल, आजी होणार म्हणून.”

आत्या बर्फाला ‘हे पांढरं संकट’ म्हणायची आणि आईचा हात धरल्याशिवाय फाटकाबाहेर जायची नाही.

मी खाली येऊन फ्राऊ लिंडनरच्या खोलीत रांगायला लागले. पूर्वेच्या खिडकीपाशी त्यांचं शिवणाचं छोटं टेबल होतं. एरवी त्यावर लोकरीचे गुंडे असायचे, आता टेबल रिकामं आणि पुसलेलं. पण घाईत पुसलेलं. लाकडावर तेलाचा गोल डाग होता. खालच्या सतरंजीत कापसाची जळकी वात सापडली आणि तांदळाचे तीन-चार दाणे, लाल झालेले. आणि टेबलाच्या मागच्या कडेला, जिथे फडकं पोचलं नव्हतं, लाल पुडीची पुसट रेघ होती. तिच्या मधला वीतभर भाग अगदी सरळ कापल्यासारखा कोरा. काहीतरी सपाट, चौकोनी तिथे टेकवून ठेवलेलं असताना पूड उडाली होती.

मी फ्राऊ लिंडनरची टेप त्या कोऱ्या भागावर धरली. मग खुर्चीवर चढून भिंतीवरच्या स्वच्छ चौकोनाची रुंदी घेतली.

दोन्ही सारख्या.

४

म्हणजे मेरी खिळ्यावरून टेबलावर आली होती आणि आत्याने तिची पूजा केली होती. इथपर्यंत मी शनिवारीच पोचले. पण का? आणि तिथून पुढे कुठे? घरी सांगितल्यावर आई हबकली. म्हणाली, वन्संनी दुसऱ्याच्या घरातली वस्तू हलवली? शक्य नाही. बाबा म्हणाले, आणि हलवली असली तरी गुरुवारी ती खिळ्यावर होती असं भाचा सांगतोय, मग आत्याचा संबंध येतो कुठे? कार्ल्सरूहेला श्रीनाथच्या घरी फोन नाही, त्याची कचेरी सोमवारी उघडणार. आत्याला विचारायचं म्हटलं तरी सोमवारशिवाय मार्ग नव्हता, आणि सोमवारी सकाळी रुडॉल्फ पोलिसांत जाणार होता.

रविवारी सकाळी आई आमच्या देवांपुढे निरांजन लावत होती. देव म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा. एरवी हे काम आत्या कुणाला करू द्यायची नाही, म्हणून मी सहज म्हटलं, आत्या कार्ल्सरूहेला गेली, आता तिकडे पूजा करत असेल.

“छे, आत्ता कुठली पूजा,” आई म्हणाली. “सोयर आहे ना त्यांना. नात झाली. दहा दिवस देवाला हात नाही लावायचा.”

मी विचारलं, म्हणजे? आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू या मुलीला जर्मनीत आणून चूकच केली. मग तिने समजावलं. घरात मूल जन्मलं की सोयर, माणूस गेलं की सुतक. त्या दहा दिवसांत त्या कुळातल्या कुणी देवाला शिवायचं नाही. पण म्हणून देवाला उपाशी ठेवायचं का? नाही. शेजारचं कुणी येऊन पूजा करतं, नाहीतर देव देवळात नेऊन ठेवतात. आपल्याला सोयर नाही का, मी विचारलं. नाही, आत्याचं सासर वेगळं. मूल त्या कुळाचं.

“आई, नवऱ्याचा मोठा भाऊ गेला तर?”

“दिराचं सुतक पुरे दहा दिवस.”

मी तिच्या गालाचा मुका घेतला. ती म्हणाली, अगं निरांजन. मी जिन्यावरून ओरडत खाली गेले, सगळ्यांनी कॉफीला या म्हणून, जणू घर माझंच होतं.

५

फ्राऊ लिंडनरच्या स्वयंपाकघरात सगळे बसले. रुडॉल्फलाही बोलावणं केलं होतं, तो डोळे चोळत आला. भास्करदादा दाराशीच उभा राहिला. मी मुद्दाम हळूहळू बोलले, शाळेतल्या भाषणासारखी.

आधी मी हेर रुडॉल्फना विचारलं की गुरुवारी त्यांनी सायक्लामेनला पाणी घातलं तेव्हा ती कुठे होती.

“खिडकीत. नेहमीच्या जागी.”

“बुधवारीच ती आमच्या स्वयंपाकघरात गेली होती,” मी म्हटलं. “भास्करदादाने वर नेली. शुक्रवारी आम्ही आलो तेव्हा ती तिथेच होती, आईने आणि बाबांनीही पाहिली.”

फ्राऊ लिंडनर भाच्याकडे बघत राहिल्या. तो कॉफीत साखर ढवळत होता, आणि तो साखर घेत नाही.

“तू आलाच नव्हतास, रुडी.”

तो आला नव्हता. गुरुवारी मानहाइमला कार्निव्हल सुरू झाला आणि तो मित्रांबरोबर समुद्री चाच्याच्या वेशात गल्लोगल्ली नाचत होता. कबूल करून आलो नाही हे मावशीला सांगायची लाज वाटली, म्हणून आलो होतो असं सांगून टाकलं, आणि एकदा सांगितल्यावर पान तिथे होतं असंही सांगावं लागलं. एवढ्यापायी दुसऱ्याचं शिक्षण धुळीला मिळेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. हे सांगताना तो इतका लहान दिसायला लागला की मला त्याचा राग येईना. भास्करदादाला आला असावा.

“म्हणजे गुरुवारी पान इथे होतं याला काही आधार नाही,” मी पुढे म्हटलं. “ते बुधवारीच गेलं. आणि ते चोरीला गेलेलं नाही.”

मग मी टेबलावर वात ठेवली, लाल तांदूळ ठेवले, टेप ठेवली. सांगितलं की आत्याच्या लेखी फ्राऊ लिंडनर सुतकात होत्या. दहा दिवस त्यांनी देवाला शिवायचं नाही. मग त्यांच्या देवाचं कोण करणार? शेजारीण. म्हणून शनिवारपासून आत्या रोज खाली येऊन मेरीला पूर्वेकडे बसवून दिवा लावत होती, कुंकू-अक्षता वाहत होती, जसं तिच्या शेजारणीने पुण्यात तिच्यासाठी केलं असतं.

“कुसुम,” फ्राऊ लिंडनर हळूच म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या दुसऱ्यांदा हळू बोलल्या.

“बुधवारी सकाळी फोन आला. मूल अजून झालं नव्हतं. पण एकदा झालं, की आत्यालाही सोयर. मग तिलाही देवाला हात लावता येणार नाही. म्हणजे जे काही करायचं ते त्याआधी, घाईने. आम्ही एर्लांगेनला. घरात फक्त भास्करदादा.”

“मग त्याला का नाही सांगितलं?” बाबांनी विचारलं.

“त्याचं आडनाव काय, बाबा?”

बाबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आई तर आधीच मान डोलवत होती. भास्करदादा त्याच कुळाचा. मूल झालं की त्यालाही सोयर. सगळ्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्या घरात तोच एक असा होता की ज्याच्या हातात आत्याने मेरी दिलीच नसती.

“आल्झो, म्हणजे तर मग,” मी म्हटलं, “दोन्ही घरांना चालत नाही, शेजारीण नाही. अशा वेळी देव कुठे ठेवतात?”

हे फ्राऊ लिंडनरना कळायला पुण्यात जन्मायची गरज नव्हती. त्या उठून कोट शोधायला लागल्या.

६

चर्चमध्ये सकाळची प्रार्थना संपली होती. डाव्या बाजूला मेरीचं लहानसं देवघर आहे. तिथली भिंत आभाराच्या पाट्यांनी आणि छोट्या फ्रेमांनी भरलेली. कुणाचा पाय बरा झाला, कुणाचा मुलगा रशियातून परतला. त्या गर्दीत आणखी एक फ्रेम आली तर ना पाद्र्याला कळणार ना झाडणाऱ्याला. पुतळ्याच्या पायाशी, दोन कुंड्यांच्या मधे, आमच्या आईचा लाल रेशमी खण अंथरलेला होता आणि त्यावर मेरी बसली होती. निळा झगा, सोन्याची वेल, गोगलगाय, सगळं जागच्या जागी. काचेवर, मेरीच्या कपाळाशी, कुंकवाचं बोट.

तिच्यापुढे मेणबत्त्या जळत होत्या. आत्याने लावलेल्या बुधवारीच विझल्या असणार, या दुसऱ्या कुणाच्या होत्या. एक म्हातारी गुडघ्यांवर बसून त्या पानाकडे बघत काहीतरी पुटपुटत होती. रुडॉल्फ पुढे व्हायला लागला तेव्हा फ्राऊ लिंडनरनी त्याची बाही धरून मागे ओढलं. म्हातारी उठेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मग फ्राऊ लिंडनर गुडघे टेकून बसल्या, बराच वेळ. मी दुसरीकडे बघितलं.

उठल्यावर त्यांनी पानाला हात लावला नाही.

“शुबा, माझे दहा दिवस कधी संपतात?”

मी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, उद्या.

“मग उद्यापर्यंत ती इथेच बरी आहे. कुसुमने एवढं केलं, ते मी अर्धवट सोडू?” त्या भास्करदादाकडे वळल्या. कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली. “ही तुमची. मी मागायला नको होती. उद्या तिला तुम्ही घरी आणाल का? रुडीने नाही. तुम्ही.”

भास्करदादा, जो स्टेशनसमोर उभा राहून दर शुक्रवारी सॉसेज खायचा आणि जानवं कुठे ठेवलंय ते ज्याला आठवत नव्हतं, त्याने किल्ली घेतली आणि मग दोन्ही हात पाठीमागे नेले.

“मला पुढच्या शनिवारपर्यंत सोयर आहे, फ्राऊ लिंडनर,” तो म्हणाला. “काकूंना चालणार नाही.”

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाल्या, मग पुढच्या शनिवारी. तोवर रोज इथे येऊन दिवा लावायचं काम रुडीचं. मानहाइमहून ट्रामने.

भास्करदादा घाईघाईने भिंतीकडे वळला आणि कुणाचा पाय बरा झाला ते लक्ष देऊन वाचायला लागला, पण त्याचं नाक वाजत होतं. फ्राऊ लिंडनरनी बाहीतून आपला लेस लावलेला रुमाल काढून त्याच्या खांद्यावरून पुढे केला. तो त्याने कधीच परत दिला नाही, अशी त्यांची आजही तक्रार आहे.